कॉम्प्युटर, रेकॉर्डर आणि आईंची बेल

मोजायला बसण्याआधी मोजायचं काय ते ठरवावं आणि ज्या यंत्रानं मोजायचं ते यंत्र आधी तपासून घ्यावं, असं मी आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. घरी मात्र यातलं निम्मंच मी पाळलं. पुढचं सगळं रामायण त्या राहिलेल्या निम्म्याचं आहे.

"आज पुन्हा बेल वाजली आणि दारात कोणी नव्हतं."

हे वाक्य सासूबाई रोज संध्याकाळी, आम्ही कामावरून येऊन चपला काढतो न काढतो तोच ऐकवू लागल्या होत्या. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, त्या घरात एकट्या. दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत रेडिओ लावून बसायचं आणि बेल वाजली की गुडघ्यांची समजूत काढत दारापर्यंत जायचं. एवढा प्रवास करून दारात कोणी नसलं तर राग येणारच.

"किती वेळा वाजली?" मी विचारलं.

"दोनदा. एकदा बातम्या चालू होत्या तेव्हा, आणि एकदा मी जरा पेंगत होते तेव्हा."

"मध्ये किती वेळ गेला?"

"अगं, पेंगत होते म्हटलं ना. पेंगणारा माणूस घड्याळ बघतो का?"

समोरच्या काकूंकडे चौकशी केली. काकूंचं दार आमच्या दारासमोर आणि लक्ष आमच्या दाराच्या आत. "मला नाही हो ऐकू आली," त्या म्हणाल्या. "आणि मी तर दुपारी टक्क जागी असते." शेवटचं वाक्य त्यांनी असं उच्चारलं की सासूबाई झोपेत चालतात असा अर्थ आपोआप निघावा.

मग वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. राहतात दुसऱ्या गावी, पण फोनवरून आमच्याच घरात वावरतात.

"वहिनी, हे भास आहेत. वय झालं आता. मी महिनाअखेरीला येते, डॉक्टरांना दाखवू आणि आईला इकडेच घेऊन येते. मागची खोली रिकामीच आहे."

सासूबाईंनी ती मागची खोली पाहिलेली होती. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. "त्या भिंतीकडे बघत बसले तर मला खरोखरच भास होतील," त्या म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. हे विम्याच्या ऑफिसात दावे तपासतात. समोरचा माणूस कितीही रडवेला झाला तरी कागद बघितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणायचं नाही, ही ऑफिसातली सवय ते घरी येताना तिथेच सोडून येत नाहीत.

"पुरावा नसताना मी काय बोलणार?" ते म्हणाले.

"मग पुरावा गोळा करू," मी म्हणाले. "दाराशी कॅमेरा लावू."

माझ्या आयुष्यात मी फार कमी वेळा एका वाक्यात घर जिंकलं आहे. वन्संनाही पटलं, कारण कॅमेऱ्यात कोणी दिसणार नाही याची त्यांना खात्री होती. सासूबाईंना पटलं, कारण चोर सापडेल याची त्यांना खात्री होती. आणि मला इतका आनंद झाला की त्या दिवशी प्रयोगशाळेत मी एका नमुन्याचं तापमान दोनदा मोजलं. आमच्या दिवाणखान्यात एक खराखुरा प्रयोग होणार होता.

प्रश्न फक्त एवढाच राहिला की कॅमेऱ्यानं पाहिलेलं साठवायचं कशात?

माझं म्हणणं, कॉम्प्युटरमध्ये. आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या पदवीनंतरच्या संशोधनाची सगळी आकडेमोड त्याच्यावर झाली. तेव्हापासून तो टेबलाखाली फुलाफुलांचा अभ्रा पांघरून बसलेला असतो. हे त्याला धूड म्हणतात. केर काढताना त्याला पाय लागला तर मी मनातल्या मनात माफी मागते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ह्यांचं म्हणणं, रेकॉर्डर आणायचा. कॅमेऱ्यांसाठी म्हणून वेगळा काळा डबा मिळतो, तो दुसरं काहीच करत नाही.

"हेच त्याचं मोठेपण," हे म्हणाले. "ज्याचं काम त्यानं करावं. कढई असताना कोणी कुकरमध्ये तळतं का?"

"घरात कुकर असताना फक्त वाफवायला म्हणून वेगळं भांडं कोणी आणतं का?"

"आणतात," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "मी आणलं होतं. ते माळ्यावर आहे."

हे उदाहरण कोणाच्या बाजूचं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

इथे त्या बेलबद्दल सांगायला हवं. जुन्या बेलची तार भिंतीत कुठेतरी तुटली होती आणि भिंत फोडायची नाही म्हणून ह्यांनी बिनतारी बेल आणली होती. दाराबाहेर चिकटवायचं बटण आणि आत सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डबा. बटण दाबलं की डब्यातून पाखरू ओरडतं. खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींबरोबर जाऊन घेतली, जोडीचं खोकं होतं, एक त्यांनी ठेवली एक आपण, ही कथा ह्यांनी इतक्यांदा सांगितली होती की मी ती ऐकणं सोडून दिलं होतं. हॉलमध्ये हाताशी येणारं सॉकेट एकच. त्यामुळे संध्याकाळी हे आले की बेलचा डबा काढून तिथे फोन चार्जिंगला लावत आणि सकाळी निघताना डबा परत खोचत. रविवारी तर दिवसभर फोनच. "आपण घरी असताना कोण येतंय?" असं ते म्हणत, आणि खरोखरच कोणी येत नसे.

तर कॅमेरा. तो दाराबाहेर लावायला सोसायटीची परवानगी लागते हे मला सेक्रेटरींनी सांगितलं. सेक्रेटरी निवृत्त आहेत, पण निवृत्तीनंतर त्यांना इमारत मिळाल्यामुळे ते पूर्वीपेक्षा जास्त कामात असतात. दिवसभर त्यांच्या दारी लोकांची रीघ. कोणाचा नळ, कोणाची गळती, कोणाचं पार्सल.

"मॅडम, दाराबाहेरची भिंत ही तुमची नाही," ते म्हणाले. "आत तुम्ही. बाहेर सोसायटी. कॅमेरा हा सामायिक भिंतीवरचा कायमस्वरूपी बदल होतो."

"एक स्क्रू आहे."

"बदल स्क्रूपासूनच सुरू होतात. अर्ज द्या, समोरच्यांची हरकत नसल्याचं पत्र जोडा, मीटिंगमध्ये ठेवतो."

समोरच्या काकूंची हरकत होती. कॅमेऱ्यात त्यांचं दार येणार. "म्हणजे मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येणार तेव्हाही दिसणार?" मी म्हणाले, दिसणार, पण आम्ही ते बघणार नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि "का बघणार नाही?" असं विचारून त्यांनी सही केली. मीटिंगमध्ये कॅमेऱ्याचा विषय निघाला, तिथून जिन्यातल्या चपलांवर गेला, तिथून गच्चीच्या किल्लीवर गेला आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे मीटिंग संपली.

परवानगी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं माझ्या स्वभावात नाही. मी धुडाला टेबलाखालून बाहेर काढलं, अभ्रा उतरवला, ब्रशनं आतली धूळ झाडली आणि बटण दाबलं. तो सुरू झाला. विमान उडताना होतो तसा आवाज झाला, पण सुरू झाला. लांबच्या नातलगांशी बोलायला घेतलेला एक चिमुकला कॅमेरा पडून होता, तो त्याला जोडला. फुकटात मिळणारी एक प्रणाली उतरवून घेतली. समोर काही हललं की ती आपोआप तेवढाच तुकडा साठवते. मी इतकी रंगून गेले होते की भाजी लागल्याचा वास मला सगळ्यात शेवटी आला.

मग चाचण्या. रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून, कॅमेरा स्टुलावर ठेवून मी बाहेर जायची आणि पाहुणी होऊन यायची. एकदा सरळ चालत, एकदा भिंतीला चिकटून चोरासारखी, एकदा डोक्यावर ओढणी घेऊन. प्रत्येक वेळी बेलचं बटणही दाबायची. डबा सॉकेटमध्ये नसल्यानं आत काही वाजत नसे, पण प्रयोग अर्धवट करू नये. आतून हे पडद्यावर बघून ओरडत.

"आलीस. पण डोकं नाही आलं."

"आता?"

"आता डोकंच आलंय."

आणि प्रत्येक वेळी खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज यायचा. कठड्यावरून वाकून पाहिलं तर सेक्रेटरी बनियनवर जिन्यात उभे.

"काही हवंय का?" मी विचारलं.

"नाही नाही. कठडा बघतोय. हलतो जरा."

दुसऱ्या संध्याकाळी ते दिवा बघत होते. तिसऱ्या संध्याकाळी पायऱ्यांच्या कडा. त्यांचे डोळे खोल गेले होते. इमारतीसाठी एखादा माणूस इतका झिजतो हे पाहून मला आधीच्या स्क्रूवरून झालेल्या वादाची लाज वाटली.

आणखी दोन-चार चाचण्यांनंतर ते स्वतःच वर आले. "मॅडम, कॅमेरा लावून टाका. मीटिंगचं मी बघतो. फक्त जिना दिसला पाहिजे. अगदी खालपर्यंत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ते कॉम्प्युटर वगैरे नको. रेकॉर्डरच घ्या. कॉम्प्युटरचं काही खरं नाही. एखादा माणूस नेमका निसटायचा."

"बघ," हे म्हणाले. "जाणकार माणूस."

जाणकार माणसाचं खोटं ठरवायला मला पुरावा हवा होता, आणि कॉम्प्युटर तो द्यायला तयार नव्हता. दुपारी कोणी त्याला हात लावला नाही की तो झोपी जायचा. ते बंद केलं, तर त्यानं ऐन दुपारी स्वतःला अद्ययावत करायला घेतलं आणि तासन्‌तास 'कृपया बंद करू नका' म्हणत बसला. ते आवरलं, तर खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलतो म्हणून त्यानं पडद्याचेच तुकडे साठवले. पडदा आत येताना, पडदा बाहेर जाताना, पडदा विचार करताना. पडद्याच्या चारित्र्याविषयी कोणाला शंका असती तर माझ्याकडे भरभक्कम पुरावा होता.

शेवटी रेकॉर्डर आलाच. कॅमेरेवाल्यानं दाराबाहेर कॅमेरा लावला, तार आत घेतली, काळा डबा टीव्हीशेजारी ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता विसरून जा." ते शक्यच नव्हतं, कारण डबा टीं-टीं करू लागला. त्याच्या पोटातली डिस्क त्याला सापडत नव्हती. कॅमेरेवाल्यानं उघडून पाहिलं, डिस्क होती, पण डब्याचा विश्वास बसत नव्हता. ते जमेपर्यंत समोरच्या काकू दोनदा विचारून गेल्या की घरी सगळं ठीक आहे ना. मग ह्यांनी त्याला पासवर्ड दिला. कोणालाही ओळखता येणार नाही असा पासवर्ड दिला आणि जेवण होईपर्यंत तो ह्यांनाही ओळखता येईना. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, यंत्राच्या तळावरचा नंबर वाचा. यंत्र उलटं केलं, तार निसटली, टीं-टीं सुरू.

"पुरुषासारखा पुरुष आणि एका डब्यापुढे हात टेकले," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माझ्यासाठी असतं तर मी सांगितलं तेव्हाच खरं मानलं असतंस."

ह्यांनी यंत्र पुन्हा सुलटं केलं. मी तार खोचली. महिनाअखेर जवळ आली होती आणि वन्संनी गाडीचं आरक्षण केल्याचं कळवलं होतं.

आम्ही तह केला. रेकॉर्डर दाराबाहेरचं बघेल. कॉम्प्युटरचा चिमुकला कॅमेरा शोकेसवरून हॉलमधलं बघेल. जो उपयोगी पडेल तो राहील, दुसरा घराबाहेर जाईल. दोन उपकरणं एकाच वेळी, एकाच घटनेवर लावायची, याहून सुंदर काय असतं? टीव्हीमागच्या सॉकेटला एक्स्टेंशनची जोडफळी लावली, तीत कॉम्प्युटर, रेकॉर्डर, रेडिओ आणि इतर पिलावळ खोचली आणि आम्ही कामावर जाऊ लागलो.

रविवारी निकाल होता. सासूबाई केस विंचरून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसल्या. ह्यांनी रेकॉर्डर लावला. चित्र इतकं स्वच्छ की दारावरच्या पाटीचं निघालेलं अक्षरही दिसावं. मोकळा जिना. समोरच्या काकू कचऱ्याचा डबा ठेवायला आल्या, कानात लोंबते डूल, गळ्यात मोत्यांची माळ. पुन्हा मोकळा जिना. मग आमचं दार उघडलं. सासूबाई बाहेर डोकावल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाली पाहिलं. ओठ हलले. दार बंद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दारापर्यंत एकदाही कोणी आलेलं नव्हतं.

"बघा," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "मी सांगत नव्हते? कोणीच नसतं."

"पण आई," हे अगदी हळू म्हणाले, "कोणीच नसतं तर बेल कोण वाजवतं?"

"तेच तर मी विचारतेय रे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दावा तपासून झाला होता. कॉम्प्युटरकडे नेहमीचा पडद्यांचा ढीग होता, तो कोणी उघडलाही नाही. काळ्या डब्याला आवाज टिपता येत नव्हता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चित्र इतकं स्वच्छ असलं की माणूस कान मिटून घेतो. हे उठून आत गेले आणि वन्संना फोन लावल्याचं ऐकू आलं. सासूबाईंनाही ते ऐकू आलं. त्या खुर्चीत जाऊन बसल्या, पण रेडिओ लावला नाही.

काही वेळानं हे बाहेर आले. "ते धूड आता कोणाला तरी देऊन टाक," माझ्याकडे न बघता म्हणाले. "निदान एक पसारा तरी कमी होईल."

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका मदतनीस बाईंना मुलीसाठी कॉम्प्युटर हवा होता. वस्तू द्यायची तर चालू स्थितीत द्यावी, म्हणून सासूबाई आतल्या खोलीत जाऊन पडल्यावर मी एकेक भाग तपासायला घेतला. कीबोर्ड ठीक. माऊस ठीक. स्पीकर कित्येक वर्षं माळ्यावर होते, ते आणले. जोडफळीत जागा नव्हती म्हणून रेडिओची तार काढून ती जागा स्पीकरांना दिली. तारांच्या गुंत्यात ह्यांचा फोन मध्ये येत होता, तो बेडरूममध्ये नेऊन लावला आणि मोकळ्या झालेल्या सॉकेटमध्ये बेलचा डबा परत खोचला. आवाज येतो का ते बघायला काहीतरी लावायचं, म्हणून पडद्याच्या ढिगातला मधलाच एक तुकडा लावला.

पडदा हलला. रेडिओवर बातम्या चालू होत्या. आणि मग पाखरू ओरडलं.

मी आवाज वाढवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सासूबाई खुर्चीतून उठत होत्या. "आले हो, आले," असा त्यांचा आवाज आला. सपाता घासत गेल्या. कडी निघाली. "कोण आहे?" थोडा वेळ नुसत्या बातम्या. कडी लागली. परत येताना त्या स्वतःशीच बोलत होत्या, "कोणाला सांगू नये म्हणते. पण सूनबाईला सांगावं. ती निदान किती वेळा वाजली ते तरी विचारते."

मी तो तुकडा पुन्हा लावला. मग दुसरा लावला. तिथेही पाखरू. दिवाणखान्यातून मला धावताना ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं.

"ऐका," मी म्हणाले. ह्यांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर मंजूर झालेल्या दाव्याचा आणि नापास झालेल्या मुलाचा असे दोन्ही भाव एकदम आले. "म्हणजे बेल खरंच वाजते," ते म्हणाले. "मग आई..."

आणि त्याच क्षणी बेल वाजली. स्पीकरमधली नव्हे, सॉकेटमधली.

आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिलं. दाराबाहेर चिटपाखरूही नव्हतं.

"ऐकलंत?" आतून सासूबाई म्हणाल्या. "की मी एकटीनंच ऐकली?"

मी दार उघडलं. जिना रिकामा. पण खालून आवाज आला, "पार्सल आहे काका." मी पायऱ्या उतरले. सेक्रेटरींच्या दारात कुरिअरवाला खोकं घेऊन उभा होता आणि त्यांच्या चौकटीवर आमच्यासारखंच पांढरं बटण चिकटवलेलं होतं. जोडीचं खोकं. एक त्यांनी ठेवली एक आपण. कॅमेरा तपासला, कॉम्प्युटर तपासला, रेकॉर्डर तपासला, डिस्क, तारा, स्पीकर, पडदासुद्धा तपासला. ज्या एका यंत्रापायी हे सगळं केलं, ते तेवढं तपासायचं राहिलं होतं.

मी कुरिअरवाल्याला बाजूला करून ते बटण दाबलं.

"वाजली," वरून सासूबाई ओरडल्या.

पुन्हा दाबलं.

"वाजली गं."

एक प्रयोग तीनदा तरी करावा. तिसऱ्यांदा दाबत होते तेवढ्यात दार उघडलं. बनियनवर सेक्रेटरी. त्यांनी माझं बटणावरचं बोट पाहिलं.

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही वाजवून पळत होतात?"

"नाही हो. थांबा. आई, आता आपल्या दाराचं दाबा."

वर सपाता घासत गेल्या. सेक्रेटरींच्या घरात टिंग-टाँग झालं. त्यांच्या दारात तर मी आणि कुरिअरवाला, बटणावर कोणाचंच बोट नाही. सेक्रेटरी पायरीवरच बसले.

"रोज संध्याकाळी वाजायची," ते म्हणाले. "उघडलं की कोणी नाही. एकदा तर ओळीनं सहा-सात वेळा वाजली. ही म्हणते, तुम्हाला बेल ऐकू येतेच कशी, तुम्हाला कमी ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरकडे नेऊन झालं. आता दुसऱ्या कुठल्यातरी डॉक्टरची वेळ घेतली आहे, कुठल्या ते सांगत नाही."

त्या सहा-सात वेळा म्हणजे भिंतीला चिकटून, ओढणी घेऊन आणि डोक्यासकट येण्याच्या माझ्या चाचण्या होत्या. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे हातच धरले. "मॅडम, हेच जरा आत येऊन हिला सांगाल का? मी सांगून चालायचं नाही."

कुरिअरवाला म्हणाला, "सही कोण करतंय?"

दोन बेल वेगळ्या करायला डब्यामागची एक बारीकशी कळ दाबून धरायची असते. आमच्या डब्याची मी स्वतः दाबली आणि पुन्हा तीनदा वाजवून पाहिली. रेकॉर्डर सेक्रेटरींनी खालच्या प्रवेशद्वारासाठी मागून घेतला. त्याचा पासवर्ड अजून सापडायचा आहे. मदतनीस बाईंच्या मुलीसाठी प्रयोगशाळेतलाच एक सुटसुटीत कॉम्प्युटर मिळवून दिला, आणि धूड आता सासूबाईंच्या खुर्चीजवळ असतं. दारावरचा कॅमेरा त्यालाच जोडला आहे. परवा केर काढताना ह्यांचा त्याला पाय लागला. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अभ्रा नीट केला.

वन्संना फोनवरून सगळं सांगितलं होतं. "बघू," त्या म्हणाल्या होत्या. "आरक्षण झालंय तर येऊन खात्री करून घेते."

महिनाअखेरीच्या रविवारी दुपारी पाखरू ओरडलं. मी उठले, तर सासूबाईंनी हातानं बस अशी खूण केली. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर आमचं दार दिसत होतं आणि दारात वन्सं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पिशवी, कोपरानं बटण दाबत होत्या.

"आई, वन्सं आल्यात," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

पाखरू आणखी दोनदा ओरडलं. समोरच्या काकूंचं दार उघडलं आणि त्या माळ घालून बाहेर आल्या.

"मग उघडू ना?"

"कशाला? भास असेल," सासूबाई म्हणाल्या आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला. "वय झालं आपलं. किती वेळा वाजली गं?"

"तीनदा."

"पाच होऊ दे."